एकवीस तोफांचं बंदर

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, साठी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. चंबळ पाहिली होती, यमुना पाहिली होती, आणि पावसाळ्यात दोन दिवस भरून वाहिली तर ग्वाल्हेरच्या लष्करातली स्वर्णरेखासुद्धा त्यांना मोठी नदी वाटायची. अशा माणसानं चीनच्या किनाऱ्यावरचं एक बंदर निवडायचं, आणि माझ्या आईला नातीचं तोंड दिसणार की नाही हे त्या निवडीवर ठरायचं! आज इतक्या वर्षांनी आठवायला बसले की ते सगळं दुपारच्या डुलकीत पाहिल्यासारखं दिसतं. उन्हानं पांढरी पडलेली गल्ली, फरशीवर पसरलेला नकाशा आणि त्यातली ती एवढी मोठी निळी जागा.

मी कोकणातली, देवगडची. आमच्या पडवीत बसलं की आगबोटीचा भोंगा ऐकू यायचा. लग्न होऊन आले ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. दक्षिणेतून आलेल्या मराठी फौजेची तिथं कधीकाळी छावणी पडली, ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. नई सडकेच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. घरात मराठीच बोलत, पण कसली मराठी ती! सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, नल चालू राहून गेला आहे, जरा बंद करून दे." पहिले काही महिने मला वाटायचं, या माझी चेष्टा करतायत. आणि त्यांना वाटायचं, ही मुलगी सारखी भांडते का? आमच्याकडे साधं बोलणंही चढ्या आवाजातलं. वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय, ती चार भिंतींत आली म्हणून जाते का मेली?

मामंजी दरबारच्या मेहमानखान्यात होते. महाराजांचे पाहुणे तिथं उतरत, आणि तिथली चिनी मातीची सगळी भांडी मामंजींच्या ताब्यात असत. कप हातात घेतला की ते त्याची कड नखानं वाजवायचे आणि कान द्यायचे. चांगला कप 'टण्ण' करतो आणि वाजत राहतो. तडा गेलेला 'टक्' म्हणतो आणि गप्प होतो. डोळ्यांना न दिसणारा तडा त्यांच्या कानाला सापडायचा. मग संस्थान विलीन झालं. मेहमानखान्याला नव्या सरकारचं कुलूप लागलं आणि मामंजी घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. खिडकीशी पाट टाकून दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. सासूबाई मला हळूच म्हणायच्या, "यांना काही तरी काम दे गं. मटार तरी सोलायला दे." मटार द्यायची माझी काय टाप!

शेवटी त्यांनी नई सडकेवर एक गाळा घेतला आणि कपबशांचं दुकान काढलं. दरबारी माणूस तराजूवाल्यांच्या रांगेत बसणार म्हणून नातेवाइकांत भरपूर हसं झालं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना दुःख वेगळंच होतं. बाजारात मिळणारा एकही कप त्यांच्या मनासारखा वाजत नव्हता. मेहमानखान्यात चीनहून आलेले कप असायचे, कागदासारखे पातळ. तो आवाज मरायच्या आधी एकदा आपल्या दुकानात घुमावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पूर्वी दरबारचा माल मुंबईच्या एका अडत्यांकडून यायचा. त्यांना मामंजींनी पत्र घातलं. अडत्यांनी परवान्याची खटपट केली, चीनमधला एक कारखाना शोधला, आणि मामंजी खऱ्या अर्थानं पाटावरून उठले.

त्याच दिवाळीत माझ्या भावाचं पत्र आलं. आईला काचबिंदू झाला होता. एका डोळ्याचं दिसणं गेलंच होतं, दुसऱ्याचं पावसाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं, असं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आई एकच म्हणते," भावानं लिहिलं होतं, "नातीचं तोंड एकदा बघून घेते, मग देवाला काय न्यायचं ते नेऊ दे." माझी लेक ग्वाल्हेरात जन्मली होती, नुकती धावायला लागली होती, आणि आईनं तिला पाहिलंच नव्हतं. पत्र वाचून मी पोळ्या लाटत होते तशीच लाटत राहिले. सासूबाईंनी लाटणं हातातून काढून घेतलं तेव्हा कळलं, की एकाच पोळीवर किती वेळ लाटणं फिरवत होते.

पण नेणार कोण? आमचे हे नव्या राज्याच्या सचिवालयात कारकून. ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्यभारत झालं होतं, आणि राजधानी कुणाची यावर इतकी ओढाताण, की शेवटी तिची वाटणी झाली. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. होळी झाली की कपाटं, फायली, कारकून सगळे गाडीत भरून इंदूरला जायचे. यांना रजा मिळणं शक्यच नव्हतं. तेव्हा मामंजी आपण होऊन म्हणाले, "सूनबाई, माल मुंबईला लागला की सोडवायला मी जाणारच आहे. तुम्हाला आणि छोकरीला घेऊन जाईन, आणि तिथं तुमच्या बोटीवर बसवून देईन. पुढं तुमचे बंधू उतरवून घेतीलच."

माझा जीव भांड्यात पडला. पण कोकणातल्या माणसाला पुढचं लगेच दिसतं. आमच्या किनाऱ्यावरच्या आगबोटी वैशाख सरता सरता बंद होतात, त्या नारळी पौर्णिमा झाल्यावरच सुटतात. मधले महिने समुद्र कुणाला जवळ करत नाही. म्हणजे कपबशा वैशाखात मुंबईला आल्या, तर आईला नात दिसणार. ज्येष्ठात आल्या, तर नाही. आईचे डोळे आणि चीनच्या कपबशा! पण होतं ते असं होतं.

संक्रांतीच्या सुमारास अडत्यांचं पत्र आलं. माल तयार होत आला आहे, कुठल्या बंदरावर चढवायचा ते कळवा. त्यांनी दोन बंदरं लिहिली होती. कारखाना दक्षिणेकडच्या टेकड्यांत, त्याच्या जवळचं बंदर स्वाटाव. लहान आहे, पण तिथून हाँगकाँगला बोटी नेहमी जातात, तिथं माल उतरवून मुंबईच्या बोटीवर चढवायचा. वेळेत येईल, मात्र पेट्या दोनदा हाताळल्या जातील, फुटतूट धरून चाला. दुसरं शांघाय. तिथून थेट मुंबईची बोट, मध्ये पेट्यांना कुणाचा हात लागणार नाही. पण हल्ली अशी बोट केव्हा मिळेल याचा भरवसा नाही, आणि कारखान्यापासून शांघायपर्यंतचा रस्ताही फार लांबचा.

त्या दिवशी दुपारी सगळे झोपले तेव्हा मी मामंजींचा जुना नकाशा फरशीवर पसरला. त्यात ग्वाल्हेर संस्थान अजून वेगळ्या रंगाचं होतं, पिवळं. नकाशाला कुणी कळवलंच नव्हतं. मी पालथी पडून बोटानं चीनचा किनारा धरून खाली उतरत गेले. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, लेकीच्या श्वासाचा आवाज येत होता, तिळाची गजक ठेवलेल्या डब्यावर एक मुंगी चालत होती. बोट निळ्यावर टेकवलं की ते ओलं लागेल असं वाटायचं. मी त्या कपांबरोबर निघाले. गवतात गुंडाळलेले, पेटीत एकमेकांना टेकून झोपलेले कप, प्रत्येकाच्या पोटात थोडा थोडा समुद्राचा आवाज भरत चाललेला. एकेक बंदर मागं पडत होतं, आणि शेवटी देवगडच्या किनाऱ्यावर आई डोळ्यांवर हात धरून उभी होती. जाग आली तेव्हा गालावर नकाशाची घडी उमटली होती.

पण झोपेतसुद्धा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. शांघाय वर, उत्तरेला. स्वाटाव खाली, कारखान्याच्या दाराशी. म्हणजे माल आधी आगगाडीनं वर न्यायचा, आणि मग बोट त्याला घेऊन परत खाली येणार ती स्वाटावच्या समोरूनच! याला आमच्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. आता एवढं तर कुणालाही दिसेल, असं मी समजून चालले.

तिथंच चुकलं. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की आमच्या पुढच्या खोलीत बैठक भरायची. मामंजींसारखेच चारपाच दरबारी, कुणी पागेतले, कुणी जकातीतले, सगळ्यांची खाती विलीन झालेली. सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला! अंगरख्याचे बंद नीट बांधून यायचे, वयाप्रमाणे नाही तर जुन्या हुद्द्याप्रमाणे बसायचे. मामंजींनी अडत्यांचं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. मी आत चहा गाळत होते, कान बाहेर.

"शांघाय म्हणजे किती तोफांचं म्हणायचं?" पागेतल्या काकांनी विचारलं.

मी गाळणं हातात धरून उभीच राहिले. इंग्रजांच्या राज्यात प्रत्येक संस्थानाला तोफांची सलामी ठरलेली असायची, मोठ्याला जास्त, लहानाला कमी. आमच्या ग्वाल्हेरला एकवीस. त्याच्यावर कुणी नाही. या लोकांनी आयुष्यभर पाहुण्यांना पायघड्या किती लांब घालायच्या, सामोरं कुठपर्यंत जायचं, हे सलामी मोजून ठरवलं होतं. आता ते चीनची बंदरं मोजायला बसले.

"शांघाय एकवीस," जकातीतले काका म्हणाले. "त्यात काही बातच नाही."

"हाँगकाँग?"

"एकोणीस. इंदुरासारखं." यावर सगळे मनापासून हसले. राजधानी अर्धी पळवल्याचा राग असा निघायचा.

"आणि हे स्वाटाव?"

मग पागेतले काका हळू आवाजात, एखाद्या घरातली उणी बाजू सांगावी तसं म्हणाले, "त्याला सलामीच नसणार हो. बिनतोफांचं आहे ते."

"मग झालं तर," जकातीतले काका म्हणाले. "एकवीस तोफांच्या गावाचा माल बिनतोफांच्या बंदरातून निघाला, हे दस्तुराला धरून नाही."

आणि मामंजी मान हलवत होते! मी चहाचे कप असे आपटत नेऊन ठेवले, की मामंजींनी दचकून त्यातला एक वाजवून पाहिला.

रात्रीची भांडी घासताना मी सासूबाईंपाशी तोंड सोडलं. तोफा म्हणे! ज्या तोफा आता महाराजांसाठीसुद्धा वाजत नाहीत, त्या यांच्या कपबशांसाठी वाजणार आहेत का? सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यापाशी बोलून काय होणार? त्यांना जाऊन सांग ना. शेर आहेत का ते, खाऊन टाकायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पूजा आटोपून बसले होते, तेव्हा मी पदर सावरून नकाशा घेऊन पुढं गेले आणि सगळं सांगितलं. माल वर जाऊन परत त्याच दारावरून कसा येतो ते बोटानं दाखवलं. शांघायच्या बोटीची वाट बघत बसलो तर वैशाख उलटेल, आणि मग आमची बंदरं बंद होतील, तेही सांगितलं. आवाज चढलाच माझा. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "समुद्र बंद होतो म्हणजे? त्याला काय दरवाजे असतात?"

"नसतात, मामंजी. तरी बंद होतो. होड्या ओढून घरांच्या मागं नेऊन ठेवतात. मग पलीकडचं माणूस पलीकडे आणि अलीकडचं अलीकडे."

ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. "हं," म्हणाले. मला वाटलं, पटलं.

कसचं काय! त्याच संध्याकाळी त्यांनी बैठकीत अडत्यांना लिहिलेलं उत्तर वाचून दाखवलं. माल शांघायलाच चढवावा. मंडळींनी वाहवा केली. मामंजींनी पत्र घडी करून खिशात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी महाराज बाड्याच्या चौकातल्या मोठ्या पोस्टात टाकायला स्वतः चालत गेले, कारण एवढं महत्त्वाचं पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणं त्यांना बरं वाटलं नाही.

मी तेव्हापासून त्यांच्याशी मोजकंच बोलायला लागले. पान वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच. त्यांच्या चहात आलं घालायचं बंद केलं. त्यांना आलं फार आवडायचं, पण ते बोलले नाहीत, निमूट प्यायचे. भावाला मी लिहून टाकलं, येणं होईलसं वाटत नाही, आईला आशा लावून ठेवू नकोस. ते पत्र लिहिताना इतकी रडले, की सासूबाईंनी लेकीला कडेवर घेतलं आणि खाली गल्लीत निघून गेल्या, मला मोकळं रडू द्यायला.

होळी झाली. हे फायलींबरोबर इंदूरला गेले. चैत्र आला तशी लू सुटली, तिकडचा तो भाजून काढणारा वारा. दुपारी दारांना ओले पडदे लावून आम्ही अंधारात पडून राहायचो, आणि ती लू गल्लीतून वाहायला लागली की मला हमखास भरतीचा आवाज वाटायचा. डोळे मिटले की मी पडवीत असायचे. लेकीला मी शिकवत होते, आजी कुठाय? ती बोट वर करून किल्ल्याकडे दाखवायची, कारण आमच्या गच्चीवरून लांबचं म्हणून जे काही दिसायचं ते तेवढंच. इंदरगंजच्या चौकातून कुणी सायकलवाला घंटी वाजवत आला की मला तार आली असं वाटायचं. आणि मग एक दिवस खरंच तार आली. बोट वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईला लागते आहे, निघा.

माझा विश्वासच बसेना. भावालाही लगेच तार करायला लावली, आम्ही येतोय. बैठकीत तर जल्लोष! जकातीतल्या काकांनी मांडीवर थाप मारली. "पाहिलंत? एकवीस तोफांचं बंदर ते! उगाच नाही!" मामंजी "हं" म्हणाले आणि पानाला चुना लावत राहिले. मला मेलीला त्या क्षणी शांघायच्या पाया पडावंसं वाटत होतं.

मुंबईला उतरल्यावर मामंजींना आधी समुद्र बघायचा होता. अपोलो बंदरावर आम्ही तिघं उभे राहिलो. सकाळची वेळ, पाण्यावर धूसर चांदीसारखा उजेड, कुठं आकाश संपतंय ते कळत नव्हतं. मामंजींची पगडी वाऱ्यानं हलत होती, त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. लेक टाळ्या पिटत होती. मला तो खारा वास आला, आणि इतकी वर्षं आपण श्वास अर्धाच घेत होतो असं वाटलं. मग मामंजींनी मला विचारलं.

"हे बंद होतं म्हणता?"

"होतं, मामंजी."

"खरं आहे," ते म्हणाले. "एवढं मोठं आहे, याच्यापुढं कुणाचं काय चालणार."

अडत्यांची वखार मशीद बंदराजवळ होती. पेट्या एकावर एक रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर काळ्या शाईनं इंग्रजी अक्षरं छापलेली. देवगडच्या शाळेत मी इंग्रजीच्या तीन इयत्ता केल्या होत्या. सहज वाचायला गेले. शांघाय नव्हतं. परत वाचलं. पेटीवर स्वाटाव होतं. दुसरीवरही. सगळ्यांवर.

मी मामंजींकडे पाहिलं. ते एका पेटीशी वाकले होते. त्यांनी ती किंचित हलवली आणि कान लावला. आतून किणकिण आली, फुटक्या तुकड्यांची. पुढची पेटी हलवली, तीही तशीच. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. अडते जरा नाराजीनंच म्हणाले, "शांघायहून थेट आणला असता तर मध्ये हात लागला नसता. मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं."

"लिहिलं होतंत," मामंजी शांतपणे म्हणाले. "मी वाचलं होतं."

अडते हमालांना बोलवायला गेले. मामंजी पेटीवर बसले, रुमालानं कपाळ पुसलं, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "शांघायचं पत्र खिशात होतं. बाड्यापर्यंत चालत गेलो. डोक्यात तुमचं तेच फिरत होतं, पलीकडचं माणूस पलीकडे आणि अलीकडचं अलीकडे. पोस्टात बसून दुसरं पत्र लिहिलं." मग घसा खाकरून म्हणाले, "लष्करात मात्र बोलू नका, सूनबाई. त्यांना शांघायच राहू द्या. त्या बिचाऱ्यांपाशी आता तेवढंच उरलंय."

मला हुंदकाच फुटला. तिथंच, हमालांच्या येण्याजाण्यात, मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "अहो, काय हे, लोक बघताहेत," असं ते पुटपुटत राहिले. कप म्हणजे या माणसाचा जीव. आणि ते फुटणार हे माहीत असून त्यांनी माझ्या आईसाठी ते फुटू दिले होते. वर मी आल्याशिवायचा चहा पाजला होता! सासऱ्याला कसं सांगायचं, की मला तुमची फार माया वाटते? आमच्यात तसं सांगत नाहीत. मी म्हटलं, "घरी गेले की आल्याचा चहा करून देईन." ते चक्क हसले.

एक पेटी त्यांनी उघडायला लावली. गवतातून चाचपत एक कप काढला, नखानं वाजवला. टक्. दुसरा काढला. टक्. तिसरा टण्ण वाजला, आणि वखारीच्या त्या अंधाऱ्या उंच छतापर्यंत वाजत राहिला. मामंजींनी डोळे मिटले होते. आवाज पुरता विरल्यावर त्यांनी तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा विहीणबाईंना द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावर त्यांनी आम्हाला बोटीवर बसवलं. बोट सुटताना भोंगा वाजला. मामंजींना ती सलामी वाटली की काय कोण जाणे, धक्क्यावरच्या गर्दीत त्यांनी पगडी सारखी केली आणि वाकून आगबोटीला मुजरा घातला. मी कठड्याला धरून हसत होते आणि रडत होते.

देवगडला आगबोट बाहेर उभी राहते, पडावात, म्हणजे होडीत, उतरून किनाऱ्यावर यावं लागतं. भाऊ पाण्यात शिरून सामोरा आला, त्यानं लेकीला खांद्यावर घेतलं. आई वाळूवर उभी होती, अगदी मी नकाशावर झोपून पाहिली होती तशी, डोळ्यांवर हात धरून. तिनं मला नुसतं चाचपलं आणि बाजूला सारलं. "तू राहा गो. तुला बघितलंय मी. तिला आण." मग लेकीला घेऊन उजेडाकडे तोंड करून खाली बसली. तिची हनुवटी दोन बोटांत धरली आणि चेहरा इतका जवळ नेला, की नाकाला नाक लागलं. लेक रडली नाही, तीही बघत राहिली. लाटा येत होत्या, जात होत्या.

मग आई म्हणाली, "डाव्या भुवईच्या वर तीळ आहे की हिला! आणि एकानंही पत्रात लिहिला नाहीत तो मला."

त्या पावसाळ्यात आईचा दुसराही डोळा गेला. होड्या घरामागं ओढलेल्या, दिवसभर वारा, आणि ती पडवीत त्या कपातून चहा प्यायची. प्यायच्या आधी नखानं वाजवायची, मी शिकवलं होतं तिला. लेक जवळ गेली की आईचं बोट हवेत जराही न चाचपडता बरोबर त्या तिळावर जाऊन टेकायचं.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या आणि मी परत लष्करात आले. पोचले त्या संध्याकाळी बैठक भरलेलीच होती. मामंजी मंडळींना मालाची हकिकत पुन्हा सांगत होते, आणि जकातीतले काका मध्ये मध्ये "शांघाय ते शांघाय" म्हणत होते. मी आल्याचा चहा केला, भरपूर आलं घालून, आणि बाहेर नेला. सगळ्यांना देऊन झाल्यावर मामंजींपुढं वाकून त्यांचा कप ठेवला. त्यांनी मान वर केली नाही. फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "पाहिलं विहीणबाईंनी?"

"पाहिलं, मामंजी," मी म्हटलं. "डोळे भरून पाहिलं."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला, थोडा वेळ तो तोंडातच ठेवला. मग मंडळींकडे वळून म्हणाले, "हां, तर मी काय सांगत होतो, शांघाय म्हणजे..."